कडेचं गवत

त्या सायकलला गाई बुजत. मी थट्टेनं म्हणत नाही. सौंसरहून आमच्या शाळेच्या गावाला जाणारा रस्ता तेव्हा कच्चा होता, आणि सकाळी चरायला निघालेल्या गाईंना गुरुजींची सायकल दिसली की त्या शेपट्या वर करून सरळ कुणाच्या तरी कपाशीच्या पऱ्हाटीत शिरत. मागून गुराखी बोंबलत धावायचा. गुरुजी मात्र शांतपणे पुढे निघून जायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, गाईंना तरी घाबरवू नका हो." तर म्हणाले, "कोणत्या गाई?"

मला वाटलं, माणूस बेरकी आहे.

ते बेरकी नव्हते. त्यांचे डोळे जात होते. हे मला कळायला दोन पावसाळे जावे लागले, आणि शाळेतल्या इतर मास्तरांना तर कळलंच नाही. आपलं अधूपण त्यांनी विक्षिप्तपणाच्या आड असं काही दडवलं होतं की लोक हसण्यातच गुंतून राहिले. वेड्या माणसाला कुणी डॉक्टरकडे नेत नाही, त्याच्या गोष्टी सांगतात. गुरुजींनी हे ओळखलं होतं.

तर ती सायकल. काळी, जुनी, बावीस इंची, आणि वजनाला अशी की ओढ्यातून उचलून न्यायची वेळ आली तर दोघं लागत. सीट इतकी खाली केलेली की पायडल मारताना गुरुजींचे गुडघे कोपरांना लागायचे. उभ्या उभ्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. हँडलच्या मुठींना सुतळी गुंडाळलेली. आणि सगळ्यात अजब म्हणजे पुढच्या चाकाच्या नटापाशी, डाव्या अंगाला, बांबूची एक लवचीक कामटी आडवी बांधलेली होती. हातभर बाहेर आलेली, आणि तिचं टोक चिरून चिरून खराट्यासारखं केलेलं. गुरुजी रस्त्याच्या अगदी कडेनं जायचे आणि ती कामटी कडेच्या गवतावरून सर्र सर्र फिरत जायची. गाई बुजायच्या त्या या कामटीला.

लोक विचारायचे आणि गुरुजी ज्याला जे पटेल ते सांगायचे. गावकऱ्यांना म्हणायचे, "साप-किरडू बाजूला होते." पोरांना म्हणायचे, "सडकेले गुदगुल्या करतो, हसत राहते बिचारी." आमचे हेडमास्तर, त्यांना तिकडे बडे गुरुजी म्हणतात, ते भर स्टाफरूममध्ये म्हणाले होते, "गुरुजी, नगरपालिकेत अर्ज करा ना. येता-जाता झाडून होते, पगार दुहेरी!" सगळे हसले. गुरुजीही हसले, आणि मला आता आठवतं की ते जरा जास्तच वेळ हसले होते.

मी या शाळेत लागले ती पांढुर्ण्याहून. माहेर तिथलं, वडिलांचं कापडाचं दुकान. नोकरी लागली ती मोहगावकडच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात, तिथे बस जात नव्हती. म्हणून सौंसरला खोली घेतली, आणि रोजच्या जाण्यायेण्याला सायकल घ्यायचं ठरलं. घरात यावरून रणकंदन झालं. मुलगी सायकलवरून खेड्यात जाणार, लोक काय म्हणतील, वगैरे. माझं तोंड तेव्हाही गप्प बसणारं नव्हतं. शेवटी वडील म्हणाले, ठीक आहे, पण सायकल मी पसंत करणार.

मी खोली बघायला गेले तेव्हा सौंसरलाच राहणाऱ्या गुरुजींना हे कळलं, तसे ते रविवारी आपणहून बस धरून पांढुर्ण्याला आले. वडिलांना नमस्कार करून म्हणाले, "बाईंले ज्या सडकेनं जायाचं हाये ते सडक मी जाणतो. सायकल मले पाहू द्या." वडील मास्तर लोकांना मानणारे, काही बोलले नाहीत.

दुकानात वडिलांनी एक लाल रंगाची, पुढे जाळीची टोपली असलेली लेडीज सायकल आधीच हेरून ठेवली होती. मलाही ती आवडली होती, खोटं कशाला बोलू. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एकेक सायकल मागच्या चाकाला धरून वीतभर उचलली आणि जमिनीवर सोडली. धप्प. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक वेळी मान तिरकी करून ऐकायचे. दुकानदाराचा जीव खालीवर व्हायला लागला. "गुरुजी, सायकल हाये, नारळ नोहे! कायले आपटून राहिले?"

"सायकल पाहून नाही घेत," गुरुजी म्हणाले, "आयकून घेत असतात."

शेवटी त्यांनी जी निवडली ती हिरवट काळ्या रंगाची, जाड नळीची, सगळ्यात कुरूप अशी लेडीज सायकल होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशी. माझ्यापेक्षा तीच वजनदार. साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी आणि पूर्ण चेनकव्हर त्यांनी बसवून घेतलं, ते उपकारच झाले. सीट खाली करायला लावली. "बाई, गरज पडली तर ब्रेकच्या आधी पाय टेकतात," म्हणाले. घंटी मात्र काढायला सांगत होते. मी हट्टानं ठेवली. "घंटी आपण वाजवली तर वाजते," ते म्हणाले. "सायकलनं सोताहून बोललं पाह्यजे."

आणि त्यांनी तिला बोलकी केलीच. शाळेत रुजू झाल्यावर आठवड्याभरात माझ्या मागच्या मडगार्डचा नट ढिला झाला आणि सायकल खडखड वाजू लागली. मी सौंसरला आवळून आणला. दोन दिवसांनी पुन्हा ढिला. पुन्हा आवळला. एकदा मधल्या सुटीत पाहते तर गुरुजी माझ्या सायकलपाशी उकिडवे बसून पान्ह्यानं नट सैल करत आहेत! मी उभी राहून बघत होते, त्यांच्या अगदी बाजूला, आणि त्यांना पत्ता नव्हता. मी म्हटलं, "गुरुजी, हे काय?" ते दचकले. मग पान्हा खिशात घालत म्हणाले, "आवाज नसलेली सायकल अन् न बोलणारी बायको, दोन्ही घातक." मी इतकी संतापले की महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. नट आवळायची, तो ढिला व्हायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

वर्गात त्यांचा एक नियम होता: आधी नाव, मग प्रश्न. कुणी पोरगं उठून नुसतं "गुरुजी, हे नाही समजलं" म्हणालं तर गुरुजी फळ्याकडेच तोंड ठेवून गप्प राहायचे. "गुरुजी, मी दामू, हे नाही समजलं," म्हटलं की वळायचे आणि समजावायचे, पाच वेळा विचारलं तरी न चिडता. हा नियम वर्गाबाहेरही चाले. रस्त्यात पोरं भेटली की "गुरुजी, मी वच्छी," "गुरुजी, मी शंकर," असं ओरडायची. गुरुजी "हो बाप्पा, चाल लवकर," म्हणत त्यांना वळसा घालून निघून जायचे. बाहेरच्या माणसाला वाटावं, काय शिस्त लावली आहे! एका तपासणीला आलेल्या साहेबांनी तर तसं लेखी कौतुकही केलं होतं.

भूगोल शिकवायचे. खडू टेकवला की न उचलता एका दमात हिंदुस्थानचा नकाशा काढायचे, आणि तो काढताना तोंड वर्गाकडे वळवून बोलत असायचे. सगळ्या नद्या बरोबर जागी. कन्याकुमारीला पोहोचले की खडू फळ्यावर टचकन आपटायचे आणि म्हणायचे, "आता उतरा, गाडी इथंच थांबते." पोरं रोज हसायची.

आणि दिवेलागणीच्या आत घर. मीटिंग असो, पाहुणे असोत, पाचाच्या ठोक्याला गुरुजी उठले म्हणजे उठले. "मी नाही गेलो तर बायको जेवत नाही," हे कारण. बडे गुरुजी म्हणायचे, "अहो, संध्याकाळी पाचाले कोण जेवते?" पण उठू द्यायचे.

एकदाच नाही उठू दिलं. दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते, दप्तर तयार करायचं होतं, आणि थंडीचे दिवस. निघालो तेव्हा सूर्य बुडाला होता. मला तर त्यांच्यासोबत जायची इच्छाच नव्हती. त्याच आठवड्यात मी नट इतका घट्ट करून आणला होता की आता कुणाच्या बापाला हलणार नाही, आणि त्याचा मला फार आनंद झाला होता.

गावाबाहेर आल्यावर गुरुजी थांबले. "बाई, आज तुमी पुढं चाला. अन् बोलत चाला."

"काय बोलू?"

"पाढे म्हणा."

"मी मास्तरीण आहे गुरुजी, पोरगी नाही."

"मंग अडीचकी म्हणा. ते मास्तरणींलेही येत नाही."

राग आला म्हणूनच मी मोठ्यानं म्हणायला लागले. अडीच, पाच, साडेसात, दहा. मागून कामटीची सर्र सर्र येत होती. पाढा संपला तसं माझ्या मनात आलं की हा काय चावटपणा आहे, मी का या माणसाचं ऐकते आहे? आणि मी गप्प झाले. तिथे रस्ता उजवीकडे वळतो, आणि सरळ शेतात जाणारी एक गाडीवाट फुटते, त्या जागी कडेला गवत नसतं. मी वळले. थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं की मागे आवाज नाही.

परत फिरून पाहिलं तर गुरुजी पऱ्हाटीच्या मधोमध उभे होते. सायकल पडलेली, टोपी पडलेली, धोतराला कापूस लागलेला. मला वाटलं होतं तसे घाबरलेले वगैरे नव्हते. माझी चाहूल लागली तसे हळूच म्हणाले, "बाई, तुमी गप्प झाल्या."

 एवढ्या दिवसांत पाहिलेलं सगळं एकदम समजलं.

शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून त्यांनी सांगितलं. लहानपणापासून रातांधळे. तेवढ्यावर निभत होतं. मग चाळिशीनंतर बाजूचं दिसेनासं झालं. आधी समोरचं ताटाएवढं दिसायचं, मग ताटली, आता वाटीएवढं उरलं. त्या वाटीत जे येईल ते स्वच्छ दिसतं. पुस्तकाची ओळ दिसते, समोरचा चेहरा दिसतो. वाटीच्या बाहेर काही नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाटीही जाईल, इलाज नाही. बायकोला माहीत होतं. ती दर मंगळवारी जामसांवलीला जाऊन हनुमानाचं तीर्थ आणायची आणि त्यांच्या डोळ्यांना लावायची. "तिचं मन राह्यते," म्हणाले.

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही रोज असे येता? काही झालं तर? सांगून टाका ना. आता किती वर्षं राहिली आहेत नोकरीची?"

"नोकरीचं नाही हो बाई." ते टोपीवरची धूळ झटकायला लागले. "शाळेत जातो तवरोक मी मास्तर हाये. घरी बसलो का मी आंधळा."

मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मडगार्डचा नट मीच ढिला केला. त्या दिवसापासून आम्ही एकत्र जायला लागलो. मी पुढे, खडखडत. गुरुजी मागे, झाडत. लोकांनी काय काय बोलून घेतलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. होळीनंतर कडेचं गवत जळायचं किंवा गुरं खाऊन टाकायची, तेव्हा कामटी मुकी व्हायची. मग गुरुजी शाळेला सुट्या लागेपर्यंत चालत यायचे आणि सांगायचे की उन्हात टायर फुटतात. पाऊस पडून गवत वर आलं की ते इतके खूश व्हायचे की स्टाफरूममध्ये विनाकारण चहा पाजायचे. आमच्या बड्या गुरुजींना वाटायचं, पिकाचा आनंद आहे. शेत होतं कुठे त्यांचं!

मग गावाला डांबरी सडक मंजूर झाली.

मी हे वाईट बातमीसारखं सांगते आहे, पण त्या दिवशी गावात पेढे वाटले गेले. संत्र्याच्या बागा होत्या, माल सौंसरपर्यंत बैलगाडीनं न्यावा लागायचा, आता ट्रक थेट बागेत येणार होते. अडलेली बाळंतीण खाटेवर घालून न्यावी लागायची, ते थांबणार होतं. बस येणार होती. मलाही आनंद झाला. पेढ्याचं ताट फिरत गुरुजींपाशी आलं, त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि खाऊन झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, कडेचं गवत ठेवतील का हो?"

मी म्हटलं, विचारून पाहते.

पावसाळा संपल्यावर काम सुरू झालं. आधी त्यांनी दोन्ही कडा खरवडल्या. मी मुकादमाकडे गेले. चांगला माणूस होता, बिडी विझवून उभा राहिला. मी म्हटलं, एका बाजूचं, निदान डाव्या अंगाचं गवत ठेवा.

"गवत ठेवाचं? काहून? म्हशी हायेत का तुमच्या?"

"नाहीत. पण ठेवा."

"बाई, गवत ठेवून कोठी सडक बनते? पानी मुरते, डांबर उखडते. अन् डाव्या अंगाचं मंजे कोनतं डावं? जाताचं का येताचं?"

कारण सांगता येत नव्हतं आणि माझी जीभ त्या दिवशी कामाला आली नाही. बायामाणसं फावड्यानं गवत मुळासकट सोलून काढत होती आणि ढीग करून ठेवत होती. संध्याकाळी गुरांनी ते खाल्लं.

गुरुजी हार मानणारे नव्हते. त्यांनी कामटी काढून लोखंडी तार बांधली. कडेला मुरूम टाकला होता. मुरमावर तार खरखरते, डांबरावर सरकते, त्या फरकावर जायचं. आठवडाभर जमलं. मग ट्रकच्या चाकांनी मुरूम डांबरावर पसरला आणि तार दोन्हीकडे सारखीच खरखरायला लागली. शिवाय पूर्वी त्या रस्त्यावर फक्त बैलगाड्या होत्या, त्यांची घुंगरं लांबून कळायची. आता मागून मोटारसायकली सुसाट यायच्या. माझ्या मडगार्डच्या आवाजावर गुरुजी कसेबसे यायचे. सडक गुळगुळीत झाल्यापासून माझी सायकलही पूर्वीसारखी खडखडत नव्हती. मी मागे खडे भरलेला डबा बांधला. लोक आता मलाही हसायला लागले, म्हटलं हसा.

त्याच दिवसांत माझ्या भावाच्या साखरपुड्याला मी पांढुर्ण्याला गेले. जाताना गुरुजींना बजावलं, उद्या चालत जा. ते हो म्हणाले. आणि सायकलनं गेले.

पाचवीतली सुमन शाळेला निघाली होती. गुरुजी येताना दिसले तशी ती कडेला उभी राहिली. गुरुजींची सायकल तिच्या अंगावर गेली. ती खाली सडकेसाठी आणलेल्या गिट्टीच्या ढिगावर आपटली आणि उजवा हात कोपरापाशी मोडला. घरच्यांनी तिला हाड बसवणाऱ्याकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी मी परतले तर गुरुजी माझ्या खोलीच्या दाराशी उभे होते. दाढी वाढलेली. "बाई, चला माझ्यासोबत. मले त्या पोरीच्या घरी जायाचं हाये." आम्ही चालत गेलो. 

सुमनचा बाप अंगणात संत्र्यांच्या पेट्या ठोकत होता. गुरुजींना पाहून धडपडत उठला, बाज टाकली, चहा ठेवायला सांगितलं. सुमन दाराशी बसली होती, हात कामट्यांमध्ये बांधलेला. गुरुजींनी हात जोडले तर तो बिचारा ओशाळला.

"अरे गुरुजी, तुमी कायले हात जोडून राहिले! पोट्टीचीच गलती हाये. सायकल येऊन राहिली त बाजूला व्हाव का नाही? उभी राहिली म्हशीवानी!" आणि तो तिच्याकडे वळला. "बोल ना! काहून उभी राहिली? मास्तर लोकायले तकलीफ!"

सुमन रडायला लागली. रडत रडत म्हणाली, "मी नाव सांगतलं होतं."

"नाव सांगून काय होते? मोठी आली नाववाली!" त्यानं हात उगारला. खरोखर मारलं असतं असं नाही, पाहुण्यांसमोर शिस्त दाखवत होता. पण गुरुजींना उगारलेला हात दिसला नसावा, फक्त पोरीचं रडणं ऐकू आलं, आणि ते आवाजाच्या दिशेनं मध्ये येऊन उभे राहिले.

"तिले बोलू नका," ते म्हणाले. "तिची गलती नाही. मले दिसत नाही."

"दिसत नाही मंजे?"

"बाजूचं काहीच दिसत नाही. किती वर्सं झाली. समद्यायपासून लपवून राहिलो."

बापानं उगारलेला हात खाली घेतला.  मग सुमन हुंदके आवरत म्हणाली, "आमाले मालूम हाये गुरुजी. वर्गात समद्यायले मालूम हाये."

"मालूम होतं त मंग बाजूला काहून नाही झाली?" बापानं विचारलं, आता साध्या आवाजात.

"नाव सांगतलं का गुरुजी आपसूक वळतात," ती म्हणाली. "काल ट्रक जाऊन राहिला होता. त्यायले आयकू नाही गेलं."

मी तोंड फिरवून अंगणाच्या कोपऱ्यात गेले आणि रडले. पोरं किती वर्षं त्या माणसाला सांभाळत होती, आणि आम्ही शिकलेसवरलेले त्याच्या कामटीला हसत होतो. गुरुजी मात्र रडले नाहीत. बाजेवर बसले, हातात दिलेला चहा प्यायले, आणि कप कुठे ठेवायचा ते न कळून तसाच धरून बसले.

तिथूनच ते बड्या गुरुजींकडे गेले आणि सांगून टाकलं. ज्यांनी झाडूची थट्टा केली होती तेच बडे गुरुजी खुर्चीतून उठले. म्हणाले, "गुरुजी, मी काही आयकलं नाही. मी काही लिहिणार नाही. तुमी बाईंसोबत पायी येत जा. आमी समदे पाहून घेऊ." मनापासून म्हणाले, यात शंका नाही.

"उद्या एखादं पोरगं मेलं तर?" गुरुजींनी विचारलं.  त्यांनी स्वतःच्या हातानं अर्ज दिला, तपासणी झाली, आणि वेळेआधी ते घरी बसले. निरोप समारंभ नको म्हणाले. नव्या सडकेवरून बस सुरू झाली ती त्याच महिन्यात.

मला वाटलं होतं, आता हा माणूस खचेल. पण आठवड्याभरानं सकाळी मी शाळेला निघाले तर सौंसरच्या वेशीशी, जिथून आमची सडक सुरू होते तिथे कडुलिंबाखाली गुरुजी उभे! धुतलेलं धोतर, टोपी, गळ्यात पिशवी, हातात सायकल. सायकलवर बसत नव्हते, नुसती धरून चालत आले होते. घरापासून तिथवरच्या गल्ल्या त्यांना पाठ होत्या.

"पुढं नाही येत, बाई," मी काही बोलायच्या आधीच म्हणाले. "इथपावतर. आज भूगोलात काय हाये?"

त्यांचा भूगोल आता माझ्याकडे आला होता; मी सांगितलं, आपल्या भागातल्या नद्या. त्यांनी मला दोन मिनिटांत सांगितलं की वर्धा आणि वैनगंगा पोरं कुठे चुकवतात आणि त्यांना ते कसं समजावायचं. मग म्हणाले, "जा आता, उशीर होते."

त्यानंतर रोज. बसनं जाणं मला सोपं होतं, भाडंही फार नव्हतं, पण मी सायकलच चालवत राहिले ती त्या लिंबाखालच्या भेटीसाठी. ते धडा विचारायचे, दामूच्या बापाचा खोकला विचारायचे, वच्छीचं लग्न ठरलं का विचारायचे. आणि रोज शेवटी, मी पायडलवर पाय ठेवला की, "बाई, पोरीचा हात?"

"जुळला, गुरुजी," मी म्हणायचे.

जुळला होताच. कसा जुळला, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण माझ्या सांगण्यात त्यांना काही कमी ऐकू येत असावं, कारण थंडी सरता सरता एके दिवशी ते म्हणाले, "तिले एकडाव आणा."

बाजाराच्या दिवशी मी सुमनला माझ्या कॅरिअरवर बसवून आणलं. लांबूनच ती ओरडली, "गुरुजी, मी सुमन!" गुरुजींचा चेहरा उजळला. पिशवीतून त्यांनी तिच्यासाठी आणलेली बोरं दिली. मग सायकल लिंबाला टेकवून हात पुढे केला आणि म्हणाले, "दाखव."

तिनं हात दिला. त्यांनी तो खांद्यापाशी धरला आणि बोटं सावकाश खाली आणली. कोपरापाशी बोटं थांबली. हाड तिथे वाकडं जुळलं होतं. हात सरळ होत नव्हता, बाहेरच्या अंगाला वळला होता. गुरुजींनी ते वळण पुन्हा एकदा बोटांनी चाचपलं, जसं नकाशावरची नदी चाचपावी.

"दुखते?"

"नाही गुरुजी."

"लिहाले जमते?"

"डाव्या हातानं लिहून राहिली आता," ती म्हणाली. "पह्यले नव्हतं येत. आता येते."

"चांगलं," गुरुजी म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या दिवशी धडा विचारला नाही. सायकल वळवली आणि घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ते लिंबाखाली नव्हते. तिसऱ्या दिवशीही नव्हते. मला वाटलं, ताप असेल. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी जायला निघाले तर वाटेतच त्यांची बायको भेटली, जामसांवलीहून परत येत होती, हातात तीर्थाची बाटली. मी विचारलं, "काकू, गुरुजी बरे आहेत ना? येत नाहीत आता."

"बरे हायेत बाई," ती म्हणाली. "रोज सकाळी आंघोळ करतात, तयार होतात, टोपी घालतात, अन् बाजेवर बसून राह्यतात. मी काही विचारत नाही. शाळा सुटाची येळ झाली का टोपी काढून खुंटीले लावतात."